फोन उसाला निघाला

खोली भाड्याने देण्याआधी काकांनी माझी परीक्षा घेतली आणि मी त्यात सपशेल नापास झालो. तेव्हा मला बीडमध्ये संगणक शिकवायची नोकरी नुकतीच लागली होती. चकलांब्याहून रोजचं जाणं-येणं जमेना, म्हणून खोली शोधत होतो. स्टँडच्या मागच्या गल्लीत एक रिटायर स्टोअरकीपर वरची खोली देतात, एवढं कळलं होतं. सांगणाऱ्याने "माणूस देव आहे" असं म्हटलं आणि जरा थांबून "पण डोकं खातो" असंही म्हटलं. दोन्ही खरं निघालं.

काकांनी मला खोलीभर फिरवलं. पंख्याचं बटण कोणतं, मोरीचा नळ कुठे, टाकीच्या पाण्याची चावी कुठे, दाराला आतून कडी कशी लागते. सगळं पाच मिनिटांत. मग माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "आता डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा तर. हां. आता पंख्याचं बटण दाबा."

मी हात पुढे करून निघालो तो थेट मोरीच्या उंबऱ्याला ठेचकाळलो. सावरायला म्हणून भिंतीवर हात टेकला तर कॅलेंडर खाली आलं. डोळे उघडले तेव्हा काका कॅलेंडर परत खिळ्याला लावत होते.

"खोली देतो," ते म्हणाले. "पर आठ दिसांनी परत इचारणार."

मला वाटलं म्हाताऱ्याने गंमत केली. आठव्या दिवशी सकाळी ते खरोखर वर आले. त्या वेळी मी पास झालो, कारण आदल्या दिवशी मी दार लावून, डोळे मिटून अर्धा तास सराव केला होता. तिशीला आलेला संगणकाचा शिक्षक भिंती चाचपत फिरतोय, हे माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलं असतं तर त्या दिवसापासून मला वर्गात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

आता काका आणि काकू बीडमध्ये नाहीत, लेक दोघांना पुण्याला घेऊन गेली. पण मला आजही कोणी विचारलं की तू संगणक कुठे शिकलास, तर खरं उत्तर त्या घराच्या खालच्या खोलीत आहे. कागदावरचं उत्तर वेगळं आहे.

काकांचं हे डोळे मिटायचं खूळ त्यांच्या आईकडून आलेलं. त्यांचे आईवडील दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला जायचे ते थेट उन्हाळ्यात परत यायचे. आमच्या भागात त्याला नुसतं 'उसाला जाणं' म्हणतात. काका शाळेत हुशार, म्हणून त्यांना गावातच म्हाताऱ्या चुलत्याजवळ ठेवायचे. तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे असतील. घरात वीज नव्हती. निघायच्या आधीचे पंधरा दिवस आई घरातली एकेक वस्तू जागेवर लावायची आणि मग पोराला डोळे मिटायला सांगून विचारायची. मीठ कुठं? तिखट कुठं? काडीपेटी कुठं? हात चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

"माय काय म्हणायची ठावं हाय का?" काका सांगायचे. "म्हणायची, मी तिकडं फडात असन. मायची सय आली म्हून रडलास तर रड. पर काडीपेटी घावंना म्हून रडायचं न्हाई."

हे वाक्य त्यांनी मला निदान वीस वेळा ऐकवलं असेल. दरवेळी तेवढ्याच सावकाश.

पुढे त्यांनी बसगाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये सुट्या भागांचं स्टोअर सांभाळलं. वीज गेली की बाकीचे लोक बॅटरी शोधायचे आणि काका अंधारात जाऊन नेमकं मागितलेलं बेअरिंग घेऊन यायचे, असं त्यांचे जुने सहकारी सांगत. मला आधी ही थाप वाटायची. घरी राहायला लागल्यावर वाटेना झाली. त्यांच्या कपाटातला प्रत्येक डबा, प्रत्येक किल्ली, प्रत्येक स्क्रू ज्या जागी काल होता त्याच जागी आज असायचा. त्यांच्या घरात गॅसला लायटर नव्हता. काडीपेटी होती, शेगडीच्या उजव्या हाताला, कोनाड्यात. तीस वर्षं तिथेच.

आणि अशा माणसाच्या बायकोला विसर पडायला लागला.

मी राहायला गेलो तेव्हा काकूंचं दुखणं सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. काकू एके काळी गल्लीभर येसर, म्हणजे आमटीचा भाजून कुटलेला मसाला, पुरवायच्या. त्यांच्या हातच्या येसराची आमटी खाल्लेले लोक अजून आठवण काढतात. आता त्या भाजत ठेवलेले धणे विसरायच्या. मला सकाळी ओळखायच्या आणि दुपारी "तुमी कोण पावणे?" म्हणायच्या. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं होतं, पण काकांनी ते तोंडातून कधी काढलं नाही. ते म्हणायचे, "हिच्या डोक्यातलं सामान कुणीतरी हलवतंय." स्टोअर सांभाळलेल्या माणसाला याहून मोठा गुन्हा माहीत नव्हता.

काकूंना नुसता आवाज आला की भीती वाटायची. माणूस दिसत नाही आणि बोलतोय, हे त्यांना सोसायचं नाही. म्हणून काकांनी त्यांना चेहरा दिसेल असा फोन घेऊन दिला होता. खिडकीजवळच्या स्टुलावर, लाकडी ठोकळ्याला टेकवून, तो फोन दिवसभर उभा असायचा. रोज दुपारी चारला काका कोपऱ्यावरच्या वाचनालयात जायचे आणि तिथून काकूंना फोन लावायचे. घरापासून शंभर पावलं. काकू उजव्या कोपऱ्यातला हिरवा गोल दाबायच्या, काकांचं तोंड दिसायचं, दोघं दोन मिनिटं बोलायची. काय खाल्लं, कुत्रं आलं का, पाणी आलं का.

मी एकदा विचारलं, "काका, इथल्या इथे फोन कशाला?"

"तिनं उचलला की मला कळतं, आज ती कुठवर हाय ते," ते म्हणाले.

ज्या दिवशी काकू फोन उचलायच्या त्या दिवशी काका पेपर वाचून निवांत परत यायचे. एकदा त्यांनी उचलला नाही, तेव्हा हा सत्तरीचा माणूस गल्लीतून अनवाणी पळत आलेला मी जिन्यावरून पाहिलाय. काकू स्वयंपाकघरात होत्या, फोन वाजलेला त्यांना ऐकूच आला नव्हता. काका दारात उभे राहून नुसते धापा टाकत होते.

आता माझी फजिती सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझ्या फोनला एक मोठं अपडेट आलं होतं, फोनचं सगळं अंतरंगच बदलणारं. मी गेवराईच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. करायला काही नव्हतं, म्हणून बटण दाबलं. फोन अर्ध्यात बंद पडला तो कंपनीच्या नावावरच अडकला. दुरुस्तीवाल्याने चालू करून दिला, पण आतलं सगळं पुसून. धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो फक्त माझ्याकडे होते. बहीण तीन महिने माझ्याशी बोलली नाही, आणि बोलायला लागली तेव्हा जे बोलली त्यापेक्षा अबोला बरा होता.

काकांनी मला समोर बसवून चौकशी केली.

"दाबायच्या आधी काय केलतं?"

"काही नाही. दाबलं."

"चार्जिंग किती हुतं?"

"अकरा टक्के."

"आत जागा?"

"भरलेला होता फोन. सुप्रभातचे फोटो..."

"फोटो दुसरीकडं ठिवलते?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मास्तर," काका म्हणाले, "घराला कडी न लावता उसाला गेलतात तुमी."

तेव्हापासून आमच्या घरात अपडेटला 'फोन उसाला जाणं' असं नाव पडलं. काकांचा हिशेब सरळ होता. फोन तासाभरासाठी घर सोडून जातो. त्या वेळात हाक मारली तर तो ओ देणार नाही. परत येईल तेव्हा रंगरूप बदललेलं असेल, आणि कधी परत येणारही नाही. मग निघायच्या आधी घर लावून ठेवायचं का नाही? संगणकाच्या पुस्तकात हे सगळं मी शिकवत होतो, मुद्द्यांत. पण माझ्या एकाही विद्यार्थ्याला ते काकांच्या तोंडून ऐकल्यासारखं कळलं नसेल, आणि मलाही तोवर कळलं नव्हतं.

मग तेच मोठं अपडेट काकूंच्या फोनला आलं. काकांनी महिनाभर ते 'नंतर'वर ढकललं. "पयल्या गाडीत बसायचं न्हाई," हा त्यांचा नेम. आधी लोकांचे फोन जाऊन येऊ देत, कुणाचं काय बिघडलं ते कळू दे. पण एके दिवशी चेहरा दाखवणाऱ्या त्या ॲपवरच सूचना आली की पुढच्या महिन्यापासून अपडेट न केलेल्या फोनवर ते चालणार नाही. काकांनी ती सूचना मला तीनदा वाचायला लावली.

"थोडे दिवस चालेल तसंच," मी म्हणालो. "बंद पडलं की करू. पाच मिनिटांचं काम आहे."

"आन माझ्या माघारी बंद पडलं तर? का माझ्या माघारी ते आपल्या आपणच झालं तर? तिनं हात लावला, आन दाबलं गेलं तर?"

तुम्ही कुठे चाललाय, असं मी त्या वेळी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी काकांनी तयारी सुरू केली. एका फोनच्या अपडेटची तयारी अठरा दिवस चालली.

पहिल्यांदा त्यांनी वर्कशॉपमध्ये असायची तशी जाड कार्डं कापली. एकेक कार्ड फोनमधल्या एकेका गोष्टीचं. नंबर एकसष्ट. काकांनी एकसष्टच्या एकसष्ट नंबरांना फोन लावून खात्री केली. त्यातले चार मरण पावलेल्या माणसांचे निघाले. ते त्यांनी पुसले नाहीत, कार्डावर नुसती फुली मारली. पासवर्ड दोन कागदांवर लिहिले, एक कपाटात, एक लेकीकडे. नुसते लिहून भागलं नाही. माझ्या संगणकावर बसून त्यांनी त्या पासवर्डने खातं उघडून पाहिलं, कारण "किल्ली कुलपात फिरली तरच ती किल्ली."

काकूंच्या फोनवर कोणतं चित्र कुठे आहे, याचा नकाशा त्यांनी पट्टी घेऊन कागदावर काढला. मी म्हणालो, "काका, स्क्रीनचा फोटो निघतो. दोन बटणं दाबली की झालं."

"आन तो फोटो कुठं ऱ्हाणार? त्याच फोनमदी?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत तो विषय काढला नाही.

फोटो मी माझ्या संगणकावर उतरवले आणि एका पेनड्राइव्हवरही घेतले. पेनड्राइव्ह काकांनी येसराच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा ठरवला, कारण त्या डब्याचं झाकण घरात सगळ्यात घट्ट. मी म्हणालो, "झालं काका. सगळे फोटो आलेत."

"दाखवा."

"आहेत ना. नावं दिसतायत बघा."

"नावं न्हाई. उघडून दाखवा. एक पयला, एक शेवटला, आन मधले मी सांगन ते."

पहिला उघडला, शेवटचा उघडला. मधला काकांनी सांगितला तो उघडेना. त्याच्या पुढचा उघडेना. पेनड्राइव्हवरचे कितीतरी फोटो नुसते नावाचे होते, आत काही नव्हतं. उतरवणं पूर्ण व्हायच्या आधीच मी पेनड्राइव्ह घाईने ओढून काढला होता. आणि त्या न उघडणाऱ्यांत एक व्हिडिओ होता: काकू शेगडीपाशी बसून येसर भाजताहेत आणि काय कधी टाकायचं ते सांगताहेत. आजाराच्या आधीचा. तसं सांगणं त्यांना आता जमणार नव्हतं.

काका चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "म्हून म्हणलं, दाखवा." मी पुन्हा सगळं उतरवलं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत एकेक फोटो उघडून पाहिला. माझ्या वर्गात मी आजवर शेकडो पोरांना 'बॅकअप घ्या' असं सांगितलं होतं. 'घेतलेला बॅकअप उघडून बघा' असं एकदाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला या माणसाची भीतीच वाटायला लागली, आणि त्या भीतीत आदर होता.

दरम्यान काकांनी स्वतःचा फोन पुढे काढला. तो काकूंच्या फोनचाच जुळा होता. "टोळी निघायच्या आधी एक माणूस पुढं जाऊन पाणी बघून येतो," ते म्हणाले. त्यांचा फोन अपडेट झाला, सगळं नीट झालं. मग त्यांनी मला जिन्यावरून फोन लावायला सांगितलं. मी लावला. काकांनी फोन उचलला नाही. मी खाली आलो तर ते फोनकडे नुसते बघत होते.

उजव्या कोपऱ्यातला हिरवा गोल गेला होता. आता एक लांबट पट्टी होती आणि तिच्यावरचं चिन्ह उजवीकडे सरकवायचं होतं. दाबून काही होत नव्हतं.

मी सगळ्या सेटिंग धुंडाळल्या. जुनी पद्धत परत आणायचा पर्याय मला त्या फोनमध्ये सापडला नाही. काका खुर्चीत बसून राहिले. काकूंचं बोट रोज चारला त्या एका जागेवर जायचं. बाकी किती जागा हलल्या, पण ती एक तेवढी शाबूत होती, आणि आता तीच नाहीशी होणार होती. काकांना घाबरलेलं मी तेव्हा पाहिलं, अनवाणी पळत आले त्या दिवसापेक्षाही जास्त.

दुसऱ्या दिवशी ते हार्डवेअरच्या दुकानातून एक लहानशी सरकती कडी घेऊन आले, कपाटाच्या दाराला लावतात तसली. फोनच्या मापाची फळी कापून त्यांनी ती आडवी बसवली, तेल घालून मऊ केली. मग रोज चारला नवाच खेळ सुरू झाला. ठोकळ्यावर फोनऐवजी ती फळी. काका दाराबाहेर उभे राहायचे आणि आपल्या फोनवर काकूंच्या फोनची ती रिंग वाजवायचे. काकूंनी अंगठ्याने कडी उजवीकडे सरकवली की काका दार ढकलून आत यायचे.

पहिले चार दिवस काकू फळीकडे बघून "हे काय आणलंय?" म्हणायच्या. काका आत येऊन त्यांचा अंगठा धरून कडी सरकवायचे, बाहेर जायचे, पुन्हा रिंग. पाचव्या दिवशी काकू चिडल्या आणि फळी खाली टाकली. काकांनी कडीला पुन्हा तेल घातलं. मी म्हणालो, "काका, ज्याला नाव राहत नाही डोक्यात, त्याला हे कसं राहील?"

"डोक्यात न्हाई ठिवायचं," काका म्हणाले. "हातात ठिवायचं. माय डोळे मिटाया कावून सांगायची? डोळं फसवतं. हात न्हाई फसवत." मग काकूंकडे वळून म्हणाले, "मीट डोळे. आता सरकव."

काकूंनी डोळे मिटले. आयुष्यभर दाराच्या कड्या काढलेला तो अंगठा आपणहून उजवीकडे गेला. खट्ट आवाज झाला. काका धावत बाहेर गेले आणि दार ढकलून आत आले, जसे काही लांबच्या गावाहून येताहेत. काकू हसल्या. त्यानंतरही काही दिवस चुकले, काही जमले. पण डोळे मिटले की बहुतेकदा जमायचं.

मग गुरुवार उजाडला. सकाळी आठची वेळ काकांनी नेमली होती. त्या वेळी वीज जात नाही हे त्यांनी आठवडाभर लिहून ठेवलं होतं, तरी शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर जोडून ठेवला होता. चार्जिंग शंभर, वर वायर लावलेली. फोनमधलं जुनं सामान काढून जागा केलेली. नेट माझ्या खोलीतलं, आणि मला त्या वेळात काहीही बघायची बंदी. टोळी निघताना ट्रॅक्टरपुढे नारळ फोडतात, म्हणून काकांनी एक नारळ आणला होता. फोनपासून चांगला लांब, अंगणात फोडला. "पाणी उडायचं उगं," म्हणाले.

बटण त्यांनीच दाबलं. पट्टी भरत गेली. फोन काळा झाला, कंपनीचं नाव आलं आणि तिथेच थांबला. माझा फोन याच नावावर मेला होता. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. काका हलले नाहीत. काकू शेजारी पाटावर बसून लसूण सोलत होत्या. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही, पण लसणाचा गड्डा संपून दुसरा सुरू झाला होता. मग पडदा उजळला.

काकांनी कार्डं काढली आणि तांबड्या पेन्सिलीने एकेक खूण केली. नंबर एकसष्ट. व्हिडिओ उघडला, काकूंचा जुना आवाज खोलीत आला, "धनं तांबूस झालं की मग..." पाटावरच्या काकूंनी मान वर करून ऐकलं. दोन चित्रं जागा सोडून गेली होती, ती नकाशा बघून काकांनी परत जागेवर ठेवली. शेवटच्या कार्डावर खूण केली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, परवा मी जातो. छातीचं ऑपरेशन हाय, संभाजीनगरला. तारीख कवाच मिळालीया."

अठरा दिवस मी फोनची तयारी समजत होतो. त्यांच्या आईने मीठ-तिखट जागेवर लावावं तसा हा माणूस आपल्या जाण्याची तयारी करत होता, आणि मी त्याला पाच मिनिटांचं काम म्हणालो होतो. डोळे भरून आले आणि ते त्यांनी पाहिले.

"रडायला लई येळ हाय," ते म्हणाले. "आदी काम ऐका. लेक माझ्यासंगं येती. नेकनूरहून माझी बहीण येऊन ऱ्हाईल हिच्यापाशी. तुमाला एकच जिम्मा. मी चारला फोन लावन. तुमी हात लावायचा न्हाई. काय बी झालं तरी न्हाई."

"आणि काकूंनी उचलला नाही तर?"

"दुसऱ्या दिवशी लावन. तुमी उचलून तिच्या हातात दिला तर ती तुमची वाट बघत बसंल. तिचं तिला घावलं पायजे."

कडीची फळी त्यांनी आपल्या पिशवीत घालून नेली. घरात दोन कड्या नकोत, म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी चारला फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लेकीचा मला निरोप यायचा, ठीक आहेत, अजून बोलत नाहीत. काकू चार वाजले की खिडकीजवळ येऊन बसायच्या. घड्याळ त्यांना कळत नव्हतं, तरी बसायच्या. मग उठून स्वयंपाकघरात, मोरीत, दाराबाहेर काकांना शोधायच्या. नेकनूरच्या आत्या त्यांना धरून परत आणायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला दोनदा विचारलं, "तुमी कोण?"

त्याच दिवशी चारला फोन वाजला.

पडद्यावर काकांचं नाव आणि फोटो. काकू खिडकीशी होत्या. त्यांनी फोनकडे पाहिलं, जशी एखादी अनोळखी वस्तू कुणीतरी घरात आणून ठेवलीय. बोट उजव्या कोपऱ्यात नेलं, जिथे हिरवा गोल असायचा. तिथे काही नव्हतं. दाबलं. रिंग वाजतच राहिली. पुन्हा दाबलं. मग हात मागे घेतला आणि पदरात धरला. माझा हात नकळत पुढे गेला, तसा आत्यांनी माझा दंड पकडला.

"न्हाई म्हणलंय त्यानं," त्या हळूच म्हणाल्या.

चौथी रिंग. पाचवी. डोळे मिटा काकू, असं मला ओरडावंसं वाटत होतं. सहाव्या रिंगला काकूंनी आपणहून डोळे मिटले. अंगठा पडद्यावर टेकला आणि सावकाश उजवीकडे गेला.

रिंग थांबली.

"कडी काढलीया," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. "या आत."

पडद्यावर पांढरी उशी, नाकात नळी आणि काकांचा उतरलेला चेहरा. उशीजवळ ती फळी. त्यांना बोलायला त्रास होत होता, तरी ते म्हणाले, "आलो."

काकूंनी डोळे उघडले, त्यांना बघितलं आणि त्या एकदम कामाला लागल्या. "थकलात का? बसा, चहा ठिवते," असं म्हणत स्वयंपाकघराकडे निघाल्या. आत्या लगबगीने त्यांच्यामागे गेल्या. ठोकळ्यावरच्या फोनसमोर मी एकटाच उरलो. मला काकांशी खूप बोलायचं होतं, पण त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं. ते कान देऊन ऐकत होते.

आत पातेल्याचा आवाज झाला. दोन कपांचा आवाज झाला. मग कोनाड्यातली काडीपेटी खडखडली आणि काडी ओढल्याचा आवाज आला.

"पेटली का?" काकांनी विचारलं.

मी मान वळवून आत पाहिलं. काकू शेगडीपाशी उभ्या होत्या, आत्या बाजूला त्यांचा दंड धरून.

"पेटली काका," मी म्हणालो.